एकसष्ट नंबरचा कोट

१

कॅसेट नाहीशी झाल्याचं कळलं तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. भाचीने आतल्या खोलीतून टेपरेकॉर्डर उचलून आणला, चहाच्या टेबलावर मधोमध ठेवला, बटण दाबून झाकण उघडलं आणि तशीच बघत राहिली.

"मावशी, कॅसेट तू काढलीस?"

"मी कशाला काढू? मला ते यंत्र उघडता तरी येतं का?" बिल्लाबाई म्हणाल्या.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. टेबलाभोवतीच्या चार म्हाताऱ्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले होते. अडतीस वर्षांपूर्वी, त्या रात्रीही ही मंडळी अशीच बसली होती.

हे सगळे एके काळी एकाच क्लबात कामाला होते. "आम्ही तिथे नाचलोय बरं का" असं सांगणारे म्हातारे शहरात अजून इतके आहेत, की ते सगळे खरं बोलत असते तर क्लबाच्या भिंती फुटून रस्त्यावर आल्या असत्या. बिल्लाबाई तिथे दारालगतच्या खिडकीत बसायच्या. पाहुण्यांचे कोट घ्यायच्या आणि नंबर कोरलेला पितळी बिल्ला हातात ठेवायच्या, म्हणून त्या बिल्लाबाई. त्यांचं खरं नाव त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो चार पावलांवर बारमागे उभा असायचा.

आज आलेल्यांपैकी मॅडम म्हणजे क्लबाची गायिका. शहर वेडं व्हायचं असा आवाज. मास्तर त्यांच्या बँडचे मुख्य, स्वतः ट्रम्पेट वाजवायचे. कप्तान वेटरांवरचे अंमलदार; कोणाला कुठल्या टेबलावर बसवायचं ते त्यांच्या भुवईवर ठरायचं. आणि फोटोवाले टेबलोटेबली फोटो काढून तळघरात धुवायचे आणि तासाभरात पाहुण्यांच्या हातात द्यायचे.

मॅडमना गाण्याच्या दोन खेपांच्या मध्ये मध घातलेलं कोमट पाणी लागायचं. बारवाला, म्हणजे बिल्लाबाईंचा नवरा, ते पेल्यात भरून वर बशी झाकून बारच्या कडेला ठेवायचा आणि जो वेटर मोकळा असेल तो आत नेऊन द्यायचा. त्या रात्री त्या पेल्यात कोणीतरी नळ साफ करायचा सोडा कालवला. मॅडमनी सवयीप्रमाणे एका घोटात पेला रिकामा केला. त्यानंतर त्या कधी गायल्या नाहीत. सोड्याचा डबा बारखालच्या फडताळात, बारवाल्याच्या फडक्यांमागे सापडला. पेला त्याचा, फडताळ त्याचं, आणि दोनच दिवसांपूर्वी मॅडमशी त्याची वादावादी झालेली. मॅडमनी कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवलं. सात वर्षांची शिक्षा झाली, आणि चौथ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तो आतच गेला.

भाचीने क्लबाच्या आठवणींचं पुस्तक करायचं काढलं, तेव्हा बिल्लाबाईंना पुस्तकाचं काडीचंही कौतुक नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. ज्याने नवऱ्याला गिळलं तो माणूस समोर बसलेला बघायचा होता, आणि मॅडमच्या डोळ्यांसमोर त्याला उघडा पाडायचा होता. भाचीला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की त्यांची धार जाते.

आणि गेल्या महिन्यात क्लबाचा दरवान वारला. मरण्यापूर्वी इस्पितळात भाचीकडून रेकॉर्डर मागून घेऊन तो एकटाच तासभर बोलला होता. कॅसेट लखोट्यात बंद करून नर्सजवळ ठेवली होती. लखोट्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "त्या रात्रीबद्दल. सगळ्यांसमोर लावा." भाचीने त्याचा शब्द पाळला, स्वतःसुद्धा ऐकली नाही.

आता ती कॅसेट नव्हती, आणि तीन वाजल्यापासून घरात बाहेरचं कोणी आलं नव्हतं.

"दाराला कडी घाल," बिल्लाबाई भाचीला म्हणाल्या. "कॅसेट मिळेपर्यंत कोणालाही कोट मिळणार नाही."

२

कोट बिल्लाबाईंनीच घेतले होते. वय अडुसष्ट, पण दारावर बेल वाजली आणि हात आपोआप पुढे झाले. बाहेर बोचरा वारा होता, हाडं गोठवणारा. जुने बिल्ले त्यांनी डब्यात जपून ठेवले होते. गंमत म्हणून एकेकाच्या हातात एकेक दिला. कप्तानांना सात, फोटोवाल्यांना बारा, मास्तरांना पंधरा.

"अजून तोच थाट," मास्तर हसून म्हणाले आणि बिल्ला खिशात टाकून बैठकीत गेले. मॅडमनी मात्र आपली शाल अंगावरच ठेवली. त्या बिल्लाबाईंकडे बघायचं टाळत होत्या. अडतीस वर्षांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आतल्या खोलीत दांडीला कोट लावताना बिल्लाबाईंनी सगळं रीतसर केलं. वरपासून खालपर्यंत बटणं लावली आणि दोन्ही बाह्यांची टोकं ज्या त्या बाजूच्या खिशात खोचली. गर्दीच्या दिवसांत एका दांडीला ऐंशी ऐंशी कोट असायचे. बाह्या मोकळ्या सोडल्या की एकमेकांत अडकायच्या, आणि एक कोट ओढला की चार खाली यायचे.

"हे काय गं मावशी? कोटांना थंडी वाजते का?" भाचीने विचारलं.

"त्या रात्री तो इन्स्पेक्टरही हेच म्हणाला होता. नोकरांचे, बँडवाल्यांचे सगळे कोट एकेक करून माझ्याकडून काढायला लावले त्याने, झडती घ्यायची म्हणून. एकूण एक कोट हात खिशात घालून उभा. मेला पोट धरून हसत होता. माझा संसार बुडत होता, आणि त्याला कोटांचं हसू येत होतं."

दांडीच्या टोकाला एक जुना करडा कोट आधीपासून लटकत होता. त्याचा बिल्ला एकसष्ट नंबरचा. पोलिसांनी नवऱ्याला नेलं ते बारच्या पातळ पांढऱ्या जाकिटात. बाहेर असाच वारा होता. बिल्लाबाई कोट घेऊन दाराकडे धावल्या, तर दरवानाने दार उघडलं नाही. त्याला वरून हुकूम होता. मागे बँडची मंडळी उभी होती. मास्तर म्हणाले, "देतील की तिकडे घोंगडी." दोघंतिघं हसले. तुरुंगातून नवऱ्याचं सामान परत आलं, त्यात एक कंगवा होता आणि तो बिल्ला.

तसा त्यांचा राग तिघांवरही होता. भांडणाची गोष्ट पोलिसांच्या कानात घातली कप्तानांनी. बेड्या घातलेल्या नवऱ्याचा फोटो काढून वर्तमानपत्राला विकला फोटोवाल्यांनी. आणि मास्तरांची ती घोंगडी. तिघांनाही आपल्या हाताने चहा पाजताना बिल्लाबाईंना वाटत होतं, जीभ भाजली तर बरं.

३

चहा पिता पिता गाडी त्या रात्रीवर आलीच. ती यावी म्हणूनच बिल्लाबाईंनी विचारलं होतं, "मध्यंतरात कोण कुठे होतं, आठवतं का कोणाला?"

"न आठवायला काय झालं?" कप्तान म्हणाले. वय ऐंशी, पण पाठ अजून ताठ. "अकरा नंबरच्या टेबलाशी होतो. एक जाडा गिऱ्हाईक खुर्ची बदलून मागत होता. तीन खुर्च्या आणल्या, तिन्ही कुरकुरल्या."

"मी तळघरात," फोटोवाले म्हणाले. ते कमी बोलायचे. गळ्यात कॅमेरा आजही होता. "लाल दिव्याखाली. मला कोणी पाहिलं नाही, आणि मीही कोणाला नाही."

मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांना गोष्ट सांगायची हौस. दर वर्षी मॅडमच्या वाढदिवसाला ते फुलं घेऊन जायचे आणि "हिला मी घडवली" हे निदान तीन माणसांना ऐकवून यायचे.

"माझे ओठ फुटले होते त्या दिवसांत. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे ओठ गेले की सगळंच गेलं. मलमाची डबी कोटात राहिली होती म्हणून मी कोटांच्या खोलीत गेलो. खिडकी बंद, बाई जागेवर नाहीत. मग स्वतःच आत शिरलो, डबी काढली, ओठांना मलम लावलं आणि परत गेलो. पोलिसांनाही तेव्हा हेच सांगितलं."

"मी कोणा पाहुणीच्या झग्याची झालर शिवत होते," बिल्लाबाई म्हणाल्या. ते खरं होतं. नेमकी ती दहा मिनिटं खिडकी बंद होती. पोलिसांनी मास्तरांचा जबाब बंद दाराआड घेतला होता आणि कोर्टात त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. त्यामुळे मलमाची ही कथा त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना. चपलेत खडा गेल्यासारखं झालं.

मॅडमनी नुसती शाल सावरली. त्यांना बोलायचं म्हणजे कुजबुज. वाक्य अर्ध्यात वारा होऊन जायचं.

मग भाचीने लखोट्याची बातमी फोडली. कॅसेट आत रेकॉर्डरमध्ये घालून ठेवली आहे, चहा झाला की ऐकू या.

त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत तिघंही आतल्या खोलीत जाऊन आले. आधी कप्तान, रक्तदाबाची गोळी कोटात राहिली म्हणून. मग आतला फोन वाजला, फोटोवाल्यांच्या मुलीचा होता, ते जाऊन बोलून आले. शेवटी मास्तर उठले. "चष्मा कोटात राहिला वाटतं," म्हणाले, आणि येताना चष्मा लावूनच आले. भाची आणि बिल्लाबाई स्वयंपाकघरात बिस्किटं काढत होत्या. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत.

आणि भाची रेकॉर्डर आणायला गेली.

"झडती घ्या," कप्तान तडक म्हणाले. "आधी आमचे खिसे बघा, मग कोट. उगाच संशय नको."

अंगावरच्या खिशांत काही निघालं नाही. मग बिल्लाबाई आणि भाची कोट बघायला आत गेल्या, आणि दोनच मिनिटांत भाचीची हाक आली.

"मावशी, सापडली. पण बघ काय केलंय हिचं."

४

कॅसेट कप्तानांच्या कोटात, उजव्या खिशात होती. आतली पट्टी वीतभर नव्हे, हातभर बाहेर ओढलेली, चुरगळलेली, आणि एके ठिकाणी तटकन तुटलेली.

कप्तानांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? अहो, मी कशाला? मीच तर म्हटलं झडती घ्या!"

"चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच," मास्तर हळहळत म्हणाले. "कप्तान, तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं. भांडणाची बातमीही पोलिसांकडे तुम्हीच नेली होती ना?"

फोटोवाले मान खाली घालून बसले.

बिल्लाबाई मात्र अजून आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरच होत्या. झडतीच्या वेळी कोट कसे होते ते त्या डोळ्यांपुढे आणत होत्या. आपण एकेका कोटाची बटणं सोडली, बाह्या उपसल्या, भाचीने खिशात हात घातला. सात नंबर, बारा नंबर, पंधरा नंबर. हातांना काम आठवतं, डोक्याला नंतर कळतं. आणि एकदम त्यांना कळलं. आजचंही कळलं, आणि अडतीस वर्षांपूर्वीचंही. चपलेतला खडा सापडला होता.

इतकी वर्षं पोटात कोंडून ठेवलेला राग आता मोकळा होऊ बघत होता, आणि त्या त्याला म्हणत होत्या, थांब, एवढी घाई नको.

"ही पट्टी जोडता येईल?" त्यांनी भाचीला विचारलं.

"चिकटपट्टीने जोडते. मग पेन्सिलीने गुंडाळत बसावं लागेल. वीस मिनिटं लागतील."

"लागू देत." त्या येऊन मास्तरांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. आवाज अगदी मऊ ठेवला. "मास्तर, कप्तानांचं आपण बघूच. पण तुम्ही आत शेवटी गेला होतात म्हणून विचारते. काही वेगळं दिसलं का? तुमचा कोट कसा होता?"

"कसा म्हणजे? दांडीला होता."

"चष्मा कुठल्या खिशात होता?"

"उजव्या. बाहेरच्या."

"आणि बाह्या?"

"बाह्यांचं काय?" मास्तर हसले. "लोंबत होत्या. कोटाच्या बाह्या लोंबतातच, बिल्लाबाई. तुम्हाला सांगायला नको."

"नकोच," बिल्लाबाई म्हणाल्या.

५

"आता कप्तान, तुम्ही सांगा. गोळी घ्यायला गेलात तेव्हा कोट कसा होता?"

"अहो, वैतागलो होतो मी," कप्तान रडकुंडीला येऊन म्हणाले. "बाही खिशात कोंबून ठेवली होती तुम्ही. ती उपसून काढली तेव्हा कुठे आत हात गेला."

"परत खोचलीत?"

"मला कुठे जमतंय ते?"

"आणि तुम्ही, फोटोवाले?"

"मी कोटाला हात लावला नाही. फोन दाराशीच आहे."

बिल्लाबाईंनी मान हलवली. भाचीच्या हातातली पेन्सिल कॅसेटच्या भोकात कुरकुर फिरत होती.

"माझी एक रीत आहे," त्या म्हणाल्या. "कोट लावला की सगळी बटणं बंद आणि बाह्या खिशात. देताना मी बाह्या मोकळ्या करूनच देते, त्यामुळे घेणाऱ्याला ते कधी कळतच नाही. मधूनच काही लागलं तर तुम्ही मला सांगायचात आणि मी काढून द्यायचे. आत कोणी येत नव्हतं. मघाशी आम्ही झडती घेतली तेव्हा कप्तानांच्या कोटाची उजवी बाही लोंबत होती. गोळीसाठी काढली, बरोबर. फोटोवाल्यांच्या दोन्ही बाह्या खिशात. ते कोटाकडे गेलोच नाही म्हणतात, बरोबर. आणि मास्तर, तुमच्याही दोन्ही बाह्या खिशात होत्या, बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली. भाचीच्या डोळ्यांदेखत मी उपसल्या त्या. मग तुम्ही चष्मा काढलात कुठून?"

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. "मी परत खोचली असेल बाही."

"आत्ता तर म्हणालात लोंबत होत्या."

मास्तरांनी रिकामा कप उचलून ओठांना लावला.

"लोंबणारी बाही त्या खोलीत एकच होती, कप्तानांची. तुम्ही बघितली तीच. दुसऱ्याच्या गळ्यात घालायची वस्तू घाईत मोकळ्याच खिशात जाते, खोचलेल्या खिशात नाही. म्हणजे कॅसेट तिथे पडली ती कप्तान येऊन गेल्यावर. आणि कप्तान चोर असते तर माल आपल्याच खिशात ठेवून झडती मागायला त्यांना वेड लागलंय का? चष्मा सबंध वेळ तुमच्या जाकिटातच होता, मास्तर. तुम्हाला आत जायला निमित्त हवं होतं."

"बरं, काढली मी कॅसेट," मास्तर एकदम म्हणाले. "मेलेल्या माणसाची बडबड. जुनी घाण कशाला उपसायची? मॅडमना त्रास नको म्हणून काढली. झालं?"

"नाही झालं," बिल्लाबाई म्हणाल्या. "कारण हीच थाप तुम्ही आधी एकदा मारली आहे."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत पाहिलं.

"मॅडम, नीट ऐका. त्या रात्री मध्यंतरात हे म्हणे कोटातून मलम काढायला गेले होते. नंतर इन्स्पेक्टरने यांच्या कोटासकट नोकरांचे सगळे कोट माझ्या हातून काढायला लावले. एकूण एक कोटाचे हात खिशात होते. तो हसला म्हणून माझ्या काळजावर कोरलं गेलंय ते. म्हणजे मध्यंतरात कोणी कोटाला हातच लावला नव्हता. हे कोटांच्या खोलीत आलेच नव्हते. मग ती दहा मिनिटं कुठे होते? तुमचा पेला बारच्या कडेला बशीखाली वाट बघत होता. पेल्यात सोडा यांनी टाकला, आणि डबा माझ्या नवऱ्याच्या फडताळात सरकवला. चोरी आपली, खिसा दुसऱ्याचा. आज कप्तानांचा, तेव्हा बारवाल्याचा."

"अडतीस वर्षांपूर्वीच्या बाह्या!" मास्तर ओरडले. "कुठलं कोर्ट ऐकेल हे?"

"कोर्टाचं माझ्याकडे काय राहिलंय?" बिल्लाबाई म्हणाल्या. "त्याने जे द्यायचं ते दिलं मला."

भाचीने पेन्सिल बाजूला ठेवली. कॅसेट रेकॉर्डरमध्ये बसवली, झाकण लावलं आणि बटणावर बोट ठेवलं.

"लावू?" तिने विचारलं.

६

"नको," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी म्हातारा झाला होता. "लावू नका. तो काय सांगणार आहे मला माहीत आहे. बारवाला बर्फ आणायला गेला होता. मी डबा फडताळात सरकवून बारमागून निघालो तेव्हा दरवान दाराशी उभा होता. माझ्याकडे बघून हसला. त्यानंतर जेव्हा जेव्हा भेटला, तेव्हा तसाच हसला. अडतीस वर्षं मी त्या हसण्याला भ्यालो."

"का केलंत?" ही मॅडमची कुजबुज होती. सगळे गप्प होते म्हणून ऐकू आली.

"तू चालली होतीस. रेकॉर्डच्या कंपनीने तुला बोलावलं होतं, एकटीला. माझ्या बँडला नाही. तुला उभं राहायला, श्वास घ्यायला मी शिकवलं, आणि तू साधं सांगितलंसुद्धा नाहीस. मला वाटलं, आठ दिवस आवाज बसेल, ती तारीख टळेल. तेवढंच. तू सगळा पेला एका घोटात संपवशील हे..."

"रोज तसाच संपवायचे," मॅडम म्हणाल्या. "तू रोज बघायचास."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लाव गं," बिल्लाबाई म्हणाल्या.

भाचीने बटण दाबलं. आधी खोकला, मग दरवानाचा घोगरा आवाज. मोटारी कशा रांगेने यायच्या, कुठल्या शेटजींची छत्री कशी हरवली, एका बाईंनी चुकून त्यालाच नवरा समजून हात कसा दिला. जोडलेल्या जागी पट्टी खरखरली. मग तो म्हणाला, "त्या रात्रीबद्दल सांगायचं म्हणजे, मी काहीच बघितलं नाही. मी दाराशी होतो. माझे वरचे दात पुढे आहेत, त्यामुळे लोकांना वाटतं मी सारखा हसतोय. ते असो. एकच गोष्ट मनाला लागून राहिली. बारवाल्याला नेलं तेव्हा बाई कोट घेऊन आल्या आणि मी दार उघडलं नाही. हुकूम होता. पण कोट द्यायला काय जात होतं? बिल्लाबाई, तेवढं माफ करा." पुढे नुसता श्वास, आणि नर्सच्या चपला.

मास्तर रेकॉर्डरकडे बघत राहिले. कॅसेटमध्ये काही नव्हतं. ती चोरली नसती तर चहा पिऊन, बिल्ला देऊन, कोट घालून ते मजेत घरी गेले असते.

मॅडम उठल्या आणि मास्तरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुझी फुलं," त्या म्हणाल्या, "दर वर्षी मी पाण्यात ठेवायचे." मग बिल्लाबाईंकडे वळल्या. "मी त्याच्याकडे बोट दाखवलं होतं."

"हो. दाखवलं होतंत."

"पुस्तकात छापा. माझ्या नावाने छापा, की मी चुकले. ह्यानेही आज जे कबूल केलं ते सगळं छापा."

बिल्लाबाईंनी मान डोलावली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. तेवढं त्यांच्याकडे शिल्लकही नव्हतं.

मास्तरांनी खिशातून पंधरा नंबरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "माझा कोट द्या. मी जातो."

बिल्लाबाईंनी बिल्ला उचलून डब्यात टाकला आणि झाकण लावलं. "खिडकी बंद झाली, मास्तर."

"अहो, बाहेर वारा बघा. माझं वय बघा."

"देतील की कुठेतरी घोंगडी," बिल्लाबाई म्हणाल्या. "चल. नीघ."

क्लबाच्या त्या सगळ्या वर्षांत त्यांनी मास्तरांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. मास्तर जागच्या जागी थांबले, कप्तानांकडे पाहिलं, फोटोवाल्यांकडे पाहिलं. कोणी उठलं नाही. भाचीने कडी काढली. दारात, वाऱ्यात, पातळ जाकिटाची कॉलर दोन्ही हातांनी धरून मास्तर उभे असताना मागून लख्खकन दिवा चमकला. फोटोवाल्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"हा विकणार नाही," ते बिल्लाबाईंना म्हणाले. "हा पुस्तकाला."

दार लागलं. बिल्लाबाई आतल्या खोलीत गेल्या. मास्तरांचा कोट त्यांनी दांडीवर होता तिथेच राहू दिला. टोकाचा करडा कोट उतरवला, त्याची बटणं एकेक करून सोडली आणि दोन्ही बाह्या खिशांतून बाहेर काढल्या. त्या रात्री इन्स्पेक्टर गेल्यावर त्यांनीच त्या परत खोचल्या होत्या. कापड खिशाच्या काठाशी चिरलं होतं. कोट हातावर घेऊन त्या बैठकीत आल्या तेव्हा कप्तान खिडकीशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

"बिल्लाबाई, तो कोपऱ्यापर्यंतही गेला नाही अजून. भिंत धरून उभा आहे," ते म्हणाले. "काही झालं तरी म्हातारा माणूस आहे. थंडीने मरेल तो."

"एका दुपारीत कोणी मरत नाही, कप्तान," बिल्लाबाई म्हणाल्या. "चार हिवाळे लागतात."